वरून लावलेल्या दोन हुकांबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव: भिंगरी. तळ्यावर सगळे याच नावाने हाक मारतात, हजेरीच्या वहीतही हेच आहे. वय: तेवीस. शिक्षण: नववी, दोनदा. धंदा: भाड्याच्या होड्यांच्या आवारात पडेल ते काम, अकरा महिन्यांपासून. त्याआधी बोअर मारणाऱ्या गाडीवर, त्याआधी तंबूवाल्याकडे. त्याच्याही आधीचे नको, असे हवालदार म्हणाले. राहणार: आवारामागची पत्र्याची खोली, मिस्त्रींच्या स्वयंपाकघराला लागून.

मी आज, तेरा तारखेला, दुपारी साडेबारा वाजता कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो ते येणेप्रमाणे.

आधी एक खुलासा. हवालदारांनी माझ्या सांगण्यावरून एक पान लिहिले होते. त्यात 'साखळी तुटल्याने ट्रेलर सुटला' असे आले. साखळी तुटलेली नाही. दोन्ही साखळ्या ठाण्याच्या मागे ठेवल्या आहेत, कोणीही जाऊन कड्या तपासाव्यात. मी तसे म्हटल्यावर हवालदार म्हणाले, "तुटली काय न निसटली काय, बाईचा पाय मोडला ना?" असेच चालायचे असेल तर ठाण्याला एवढे कागद लागतात कशाला ते कळत नाही. म्हणून हा जबाब मी माझ्या हाताने लिहितो.

आवारात चौदा होड्या आणि तीन ट्रेलर आहेत. होडी ट्रेलरवर चढवायची आणि जीपने ओढायची. जीपच्या मागे लोखंडी गोळा असतो आणि ट्रेलरच्या मानेला टोपी. टोपी गोळ्यावर बसवून खटका दाबला की झाले. खटक्याने दगा दिला तर ट्रेलर मोकळा सुटू नये म्हणून टोकाला हुक असलेल्या दोन साखळ्या. एवढे कोणाच्याही डोक्यात शिरावे. मालकांच्या शिरले नाही. खटका ढिला झालाय असे मिस्त्रींनी दोन महिन्यांत चार वेळा सांगितले. चौथ्या वेळी मालक म्हणाले, "मग साखळ्या काय शोभेला ठेवल्यात?"

मिस्त्री या आवारात बावीस वर्षे आहेत. त्यांची पद्धत अशी. डावी साखळी जीपच्या उजव्या भोकात, उजवी डाव्यात, म्हणजे मानेखाली फुली होते. मान निसटलीच तर त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. साखळी सैल किती, तर जीप वळताना ताणली जाऊ नये आणि खाली घासूही नये. आणि हुक खालून वर घालायचा, टोक वर आले पाहिजे, म्हणजे धक्क्याने उडत नाही. हे करायला जमिनीवर गुडघे टेकून जीपखाली डोके घालावे लागते. मिस्त्रींचा डावा गुडघा कामातून गेलेला आहे. तरी रोज.

बाकी आवारात असे कोणी करत नाही. पाण्याकडच्या उतारावर ट्रेलर जीपपासून सोडवून दोराने खाली नेतात, त्यामुळे दिवसातून पंधरा वेळा साखळ्या काढाव्या लागतात. मग हुक वरूनच टाकतात, सरळ, फुलीबिली काही नाही. काढताना बुटाच्या टोकाने उडवला की निघतो, बसवताना वरून टाच मारली की बसतो. याला 'लाथ लावणे' म्हणतात. उतारावर चालून जाते, तिथे जीप गोगलगायीसारखी चालते. पण हे बहाद्दर रस्त्यावरही तसेच जातात. वर मिस्त्री खाली वाकले की विचारतात, "काय मिस्त्री, कवळी पडली का?" मिस्त्री खालूनच म्हणतात, "अक्कल पडलीय कुणाची तरी, बघतोय."

मीही हसायचो. तंबूवाल्याकडे असताना तिथला एक म्हातारा प्रत्येक खुंटी दोनदा ठोकायचा, त्यालाही आम्ही हसायचो. त्याचे पुढे काय झाले ते सांगत होतो, पण हवालदार म्हणतात विषय सोडू नकोस.

चार तारखेला, मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता मिस्त्रींनी सहा जणांच्या होडीचा ट्रेलर जीपला जोडला. होडी गिऱ्हाइकाकडे पोचवायची होती. मी शेजारी उभा होतो. साखळ्या खालून आणि फुलीत लावल्या, प्रत्येक हुक ओढून पाहिला. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मग रक्तदाबाची गोळी राहिली म्हणून ते घरी गेले. काकूंनी त्यांना उपाशीपोटी गोळी घेऊ दिली नाही, जेवायला बसवले. काकू म्हणजे मिस्त्रींच्या बायको.

तेवढ्यात मालकांचे जावई आले. त्यांना जीप हवी होती. कारण: दाढी. न्हाव्याचे दुकान फाटकापासून चारशे पावलांवर आहे, मी मोजली आहेत. पण जावई पायी गेले तर मग जावई कसले. मी म्हटले, "साहेब, ट्रेलर जोडलाय."

"मग सोड. हात आहेत ना तुला?"

मी साखळ्या काढल्या आणि ट्रेलर सोडला. जावई पंचवीस मिनिटांनी आले. दाढी बरी झाली होती.

जीप होती तिथेच लावून मी ट्रेलर एकट्याने पुन्हा जोडला. गिऱ्हाइकाचा तिसरा फोन येऊन गेला होता. जमीन ओली होती. माझी पँट धुतलेली होती. मी दोन्ही हुक वरून टाकले, सरळ, आणि टाच मारून बसवले. त्याला वीस सेकंद लागले. मिस्त्रींना चार मिनिटे लागतात.

दहाला पाच कमी असताना मिस्त्री आले आणि जीप चालवायला बसले, मी शेजारी बसलो. मधे जीप गेली होती हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी विचारले, "साखळ्या आहेत ना?"

मी म्हटले, "आहेत."

साखळ्या होत्या.

दवाखान्यासमोरच्या गतिरोधकावर खटका उघडला. वेग तीसच्या आसपास असावा. मी मागे पाहिले तेव्हा डावा हुक निघालेला होता. उजवा माझ्यासमोर निघाला, उडी मारून, अगदी सहज. मान रस्त्यावर आपटली आणि ट्रेलर होडीसकट डावीकडे वळून किल्ल्या बनवणाऱ्या बाईंच्या टपरीत शिरला. बाई आत एकट्या होत्या. त्यांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. होडीला ओरखडा नाही. मालकांनी आल्या आल्या आधी तेच पाहिले.

मी बाईंना भेटायला रुग्णालयात गेलो होतो. दोनदा दारातून परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो तर त्या म्हणाल्या, "वीस वर्षं रस्त्याला बसते. ट्रक येईल, बस येईल, असं वाटायचं. होडी येईल असं नव्हतं रे वाटलं." त्या हसल्या. कशाला आलास, असे त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही.

मिस्त्रींनी या ठाण्यात दिलेला जबाब मला हवालदारांनी दाखवला. त्यात आहे की, 'साखळ्या मीच लावल्या, खालून, फुलीत.' तो जबाब खोटा नाही. त्यांना जेवढे ठाऊक तेवढे त्यांनी सांगितले. मालकांनी त्यावर लिहून दिले की, माणूस म्हातारा झाला, हात चालत नाहीत, पद्धतही चुकीची. जावयांनी साक्षीदार म्हणून सही केली. जीप नेल्याचा उल्लेख त्यांच्या कागदात नाही. दाढीचा तर नाहीच.

नऊ तारखेला मालकांनी आवारात पाटी लावली. लाल अक्षरात: 'ट्रेलरचे हुक वरूनच लावावेत. खालून लावल्यास अपघात होतो.' माझा हुक सुटला आणि शिक्षा मिस्त्रींच्या हुकाला झाली. आता उरलेले दोन्ही ट्रेलर लाथ लावून रस्त्यावर जातात. सगळे खूश आहेत, गुडघे स्वच्छ राहतात. पुढची टपरी कोणाची ते पाटीवर लिहिलेले नाही.

माझी खोली मिस्त्रींच्या स्वयंपाकघराला लागून असल्याने आतले बोलणे ऐकू येते. मिस्त्री काकूंना विचारतात, "गॅस बंद केला ना मी?" काकू म्हणतात, "केलात." ते उठून बघतात. बसतात, पुन्हा विचारतात. शनिवारी काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, सात वेळा पाहिलात." त्यावर मिस्त्री म्हणाले, "साखळ्यापण पाहिल्या होत्या."

नऊ दिवस गप्प का होतास, असे हवालदारांनी विचारले. पहिल्या दिवशी मला कोणी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींचा जबाब झाला होता. तिसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. पिशवी भरली की माझे पाय आपोआप निघतात, आजवर कधी अडचण आली नाही. या वेळी पिशवी तशीच भरलेली खोलीत पडून आहे.

काल संध्याकाळी मिस्त्री माझ्या दारात आले आणि हत्यारांची पेटी खाली ठेवली. म्हणाले, "तू वापर. माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही राहिला." पेटी जुनाट आहे, पाने झिजलेले आहेत, कोणी भंगारातही घेणार नाही. एवढा शहाणा माणूस, बावीस वर्षे एक हुक चुकला नाही, आणि मालकांसारख्या माणसाने लिहून दिले म्हणून स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. मी पेटी उचलली नाही. ती दारातच आहे.

तरी माझे म्हणणे असे की, मिस्त्रींनी लावलेले हुक सुटलेले नाहीत. ते मी काढले. जे सुटले ते मी लावलेले होते. मिस्त्रींचे नाव या प्रकरणातून कमी करावे आणि माझे घालावे. ती पाटी उतरवण्याचा अधिकार पोलिसांना आहे की नाही ते मला माहीत नाही, नसल्यास मी उतरवीन.

जबाब माझ्या हस्ताक्षरात असून हवालदारांनी तो मला वाचून दाखवला. माझे अक्षर लागेना म्हणून ते तोंडातल्या तोंडात वाचत होते. मी मोठ्याने वाचा म्हटले. ते म्हणाले, "बहिरा आहेस का?" मी म्हटले, मी नाही, पण बाहेर बाकावर मिस्त्री या प्रकरणाच्या हजेरीला येऊन बसलेत, त्यांना एका कानाने कमी येते. हवालदारांनी उठून खिडकी पूर्ण उघडली आणि सगळा जबाब पहिल्यापासून वाचला, दाढी आणि पाटीसकट. काही गाळले नाही.

वाचून झाल्यावर मिस्त्री दारात आले. ते बोलले तेवढे खाली वाढवत आहे.

"दोन्ही वरून?"

मी हो म्हटले.

"फुली?"

मी नाही म्हटले.

"म्हणजे माझे नव्हतेच ते," असे मिस्त्री म्हणाले. हे ते हवालदारांना म्हणाले. मग हजेरीची सही करून ते गेले. माझ्यासाठी थांबले नाहीत.

वाढवलेला मजकूरही वाचून घेतला. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे आणि खरे आहे.