चोवीसचा घेर

फारुख : खाली चोवीस इंचाचा घेर हाय, आजच्या आज सोळा कर. एवढंच सांगतोय, जनू. यात तोंड बघत बसण्यासारखं काय हाय?

जनू : तोंड नाय बघत, पँट बघतोय. मागं सगळी पोरं घट्ट पँटी घालून फिरत होती, तेव्हा दहा वर्षं मी तुझ्या मागं लागलो होतो. फारुखभाय, थोडी आत घेऊ, लोक हसतात. तेव्हा काय म्हणालास? "जनू, मेलो तरी घेर कमी होणार नाय."

फारुख : तेव्हाचं वेगळं होतं.

जनू : काय वेगळं?

फारुख : तेव्हा ही पँट रोह्यात माझ्या एकट्याची होती. आता बघ बाहेर. शाळेची पोरं, कॉलेजची पोरं, तो मोबाइलवाला. सगळे माझी पँट घालून फिरतायत.

जनू : मग तुझाच मान वाढला की.

फारुख : कसला मान! काल स्टेशनला तिकिटाच्या रांगेत उभा होतो. रितेश आला, चार दोस्त घेऊन. "अंकल, एक फोटो. सॉलिड लूक हाय." हाच रितेश शाळेत होता तेव्हा मला बघून "तंबू आला, तंबू आला" करून पळायचा.

जनू : सुधारला म्हणायचा.

फारुख : हसायचा तेव्हा निदान मनापासून हसायचा. ते मला चाललं. हे कौतुक सहन होत नाय. पाच जणांत मी मध्ये उभा. फोटो बघणारा काय म्हणेल? चौपन्न वर्षांचा माणूस पोरांची कॉपी मारतोय!

जनू : फारुखभाय, बावीस वर्षं कुवेतला क्रेन चालवलीस. तेवढ्या उंचीवर वाऱ्याला भ्याला नाहीस, आणि रितेशच्या फोटोला भितोस? खरं काय ते सांग. अर्जंट कशाला पाहिजे?

फारुख : उद्या पेणला जायचंय.

जनू : तुझ्या उमामाच्या स्थळाकडं? अरे वा! म्हणजे नक्की झालं.

फारुख : नाही म्हणायला जायचंय.

जनू : काय? फरझानाभाभी तर बाजारात भेटली तेव्हा सांगत होती, पोरगा साधा हाय, कंपनीत शिफ्टला जातो, घरची शेतीपण बघतो. नाही कशाला?

फारुख : साधा! ऐक मग. रविवारी आली माणसं. मी दारात उभा, पांढरा शर्ट इन केलेला, खाली हीच पँट. रिक्षा थांबली. आधी पोराचा पाय बाहेर आला. आणि जनू, मी बघतच राहिलो. माझी पँट! तोच निळा रंग, गुडघ्यापासून तशीच उघडलेली. वर शर्टपण पांढरा. तो तिकडनं, मी इकडनं, समोर आरसा ठेवल्यासारखे.

जनू : अरे देवा.

फारुख : त्याची अम्मी उतरली आणि म्हणते, "या अल्ला, सासऱ्या-जावयाचा एकच दर्जी!" सगळी हसली. फरझानाला तर ठसका लागला. माझी बायको, माझ्यावर!

जनू : मग तू काय केलंस?

फारुख : आत गेलो आणि लुंगी नेसून आलो.

जनू : पाहुण्यांसमोर?

फारुख : मग काय करू? त्या पोराला काढायला सांगू?

जनू : बरं, पुढं?

फारुख : पुढं कोण काय बोलणार? गुपचूप जेवले. निघताना मी म्हटलं, कळवतो. आज गुरुवार. फरझाना म्हणते, काय असेल ते तोंडावर जाऊन सांगा, लोकांना टांगून ठेवू नका. म्हणून उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर जातोय. आता तूच सांग, पोराला नाही म्हणायला जायचं आणि अंगावर त्याचीच पँट? कर सोळा.

[उमामा आत येते. अंगावर औषधाच्या दुकानातला पांढरा कोट तसाच आहे.]

उमामा : करू नका, जनूकाका.

जनू : ये गो, ये. हे स्टूल घे. कधी आलीस?

उमामा : रिक्षा थांबली, आधी पाय बाहेर आला, तिथपासून पायरीवर उभी आहे.

फारुख : बेटा, तू दुकान सोडून इथं काय करतेस?

उमामा : जेवणाची सुट्टी आहे. घरी जेवायला गेले तर अम्मी म्हणाली, अब्बा पँट घेऊन तरातरा गेले. अब्बा, तुम्ही अम्मीला काय सांगितलंत? "मुलाचं काहीतरी खटकतंय." तिनं चार दिवस पेणमधल्या अर्ध्या लोकांना फोन केले. पितो का, मारामाऱ्या करतो का, आधीचं लग्न लपवलंय का. एका बाईनं सांगितलं, लहानपणी त्यानं कोंबडी चोरली होती. अम्मी त्यावर पण विचार करत बसलीय. आणि तुम्हाला खटकली काय, तर पँट!

फारुख : पँट नाय खटकली. माणूस खटकला.

उमामा : माणसाशी तुम्ही बोललात तरी का? लुंगी नेसून आलात ते भिंतीकडे बघत बसलात.

फारुख : बोलायला कशाला पाहिजे? आज सगळे घालतात म्हणून हा घालतो. उद्या सगळे टाकतील, हा पण टाकेल. वाऱ्याबरोबर फिरणारा माणूस. अशाच्या हातात तुला कशी देऊ? मला बघ. कुवेतला किती फॅशनी आल्या, गेल्या. माझ्यासमोर लोकांनी केस वाढवले, कापले, परत वाढवले. मी हललो नाय. माणसाची स्वतःची अशी एक पसंती पाहिजे.

उमामा : मी विचारलं त्याला. गच्चीवर पाठवलंत ना दहा मिनिटं, तेव्हा. मला वाटलं, कोणीतरी सांगितलं असेल आणि तुम्हाला खूश करायला तशी घालून आलाय.

फारुख : मग? काय म्हणाला?

उमामा : म्हणाला, "दुकानात माझ्या मापाच्या बाकी सगळ्या गुडघ्यावर फाटलेल्या होत्या. ही एकच धड होती."

जनू : समजूतदार पोरगा हाय.

फारुख : कसला समजूतदार! पसंतीच नाय त्याला. मिळाली ती घातली.

उमामा : खोटं नाही बोलला. लगेच काहीतरी स्टाइल मारता आली असती. मला तेच आवडलं. आणि मी अम्मीला हो म्हणून सांगितलंय, अब्बा. तुम्हाला कुणी अजून सांगितलं नसेल तर आता सांगते.

फारुख : ...हो म्हणालीस?

उमामा : रविवारीच. तुम्ही लुंगी सोडायच्या आत.

जनू : फारुखभाय, एक सांगू काय? रागावणार नाय ना?

फारुख : आज आणखी काय राहिलंय रागवायचं?

जनू : असली पँट. तुझी पहिली. तू कुवेतला जायच्या आधी शिवलेली. आठवते?

फारुख : न आठवायला काय? मुंबईवरनं कापड आणलं होतं. मासिकातला फोटो कापून तुला दिला होता. म्हटलं, जनू, अशी जीन पाहिजे.

जनू : फोटोतली पँट सरळ होती.

फारुख : सरळ म्हणजे?

जनू : सरळ म्हणजे सरळ. खाली सतरा, जास्तीत जास्त अठरा. मी तोवर जीन कधी शिवलीच नव्हती. दुकानात कागदाचा फर्मा होता तो माझ्या बापाचा, बेलबॉटमचा. खिळ्याला लटकत होता. त्याच्यावर कापड टाकलं आणि कापलं. शिवून बघतो तर पाय नाय, दोन घंटा! कापड संपलेलं, आणि तुझं विमान दुसऱ्या दिवशी.

फारुख : थांब. मी घालून बघितली तेव्हा तू मला काय म्हणालास? मला शब्दन् शब्द आठवतो. "फारुखभाय, असली पँट आज रोह्यात दुसऱ्या कुणाकडं नाय."

जनू : मग खोटं बोललो काय? बाकीच्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच टाकून दिल्या होत्या.

उमामा : जनूकाका!

फारुख : म्हणजे तीस वर्षं मी जे घालतोय ते...

जनू : माझ्या बापाच्या वेळची फॅशन. एकदम पक्की. तेव्हा सगळे घालायचे.

फारुख : आणि दर सुट्टीला मी चार-चार शिवून नेल्या?

जनू : तूच म्हणायचास, "अगदी तशीच, जराही बदलू नको." मला बरं वाटायचं. दुसरी येत कुठं होती?

फारुख : हस, उमामा. तोंडावर ओढणी कशाला धरतेस? तू पण हस.

उमामा : सॉरी अब्बा. थांबत नाहीये.

फारुख : तिथं आम्ही बारा जण एका खोलीत. बारा सारखे पलंग, बारा सारखी कपाटं. कंपनीचा ड्रेस, कंपनीचं हेल्मेट, छातीवर नंबर. शुक्रवारी आंघोळ करून ही पँट घातली की वाटायचं, आता मी फारुख. हे एक तरी माझं हाय. आणि ते पण तुझ्या बापाचं निघालं.

जनू : माझी बहीण पुतळी हमरापूरला दिली हाय, माहीत हाय ना तुला? एका साच्यातून पाचशे मूर्ती निघतात तिच्या कारखान्यात. नेणारा प्रत्येक जण तिला सांगतो, ताई, आमच्या गणपतीच्या चेहऱ्यावर काही वेगळंच तेज हाय. पुतळी मान डोलावते. मी म्हटलं, खरं सांगत का नाय गो? तर म्हणते, खरंच सांगते मी. तो आता त्यांचाच हाय.

फारुख : मला समजावू नको. माझी तीस वर्षं तू कागदावर टाकून कापलीस.

उमामा : अब्बा, तुम्ही सुट्टीवर यायचात, आम्ही विमानतळावर घ्यायला यायचो. आठवतं? अम्मी पुढं, आम्ही दोघी बहिणी, माहिरा आणि मी, मागं गर्दीत. मी केवढी होते? पाच-सहा वर्षांची. समोर नुसते मोठ्या माणसांचे पाय आणि ढकलगाड्या. तुमचा चेहरा तर दोन वर्षांत मला नीट आठवायचा पण नाही.

फारुख : आठवायचा नाय?

उमामा : फोटोत होता तेवढाच. पण अम्मी सांगायची, खाली बघत राहा, रुंद पँट दिसली की अब्बा. शेकडो पाय जायचे. मग ते दोन यायचे, फडफड करत. माहिरा ओरडायची आणि मी पळत येऊन गुडघ्याला मिठी मारायचे. एकदाही चुकीच्या माणसाला नाही मारली.

जनू : पाणी घे, फारुखभाय.

फारुख : नको. ती कात्री ठेव खाली.

जनू : मी उचललीच कुठं होती?

फारुख : उमामा, त्या पोराचा नंबर मिळेल काय?

उमामा : आहे माझ्याकडे.

फारुख : तुझ्याकडं कसा?

उमामा : अब्बा, लावून देते. चौकशी नंतर करा. घ्या, वाजतोय.

फारुख : हॅलो. फैजल? मी फारुख बोलतोय, रोह्यावरनं... व्हय, उमामाचा अब्बा... वालेकुम सलाम... अरे, तब्येत एकदम बरी हाय... लुंगी? ती उकाड्यामुळं... काय दिली? कुणाला?... आमीरला? चांगली होती ती पँट, देऊन कशाला टाकलीस?... असं वाटलं तुला... नाय रे बाबा, तसं नाय... जरा थांब हां.

उमामा : काय झालं?

फारुख : पँट धाकट्या भावाला देऊन टाकली त्यानं. सोमवारीच. म्हणतो, अंकलना राग आला वाटलं, परत तुमच्यासमोर ती घालून यायची हिंमत नव्हती.

जनू : घे! हा वाऱ्याबरोबर फिरणारा नाय. सासऱ्याबरोबर फिरणारा हाय.

फारुख : तू गप बस, बेलबॉटम... हॅलो, फैजल? हां, ऐक. उद्या शिफ्ट कधी सुटते?... मग जुम्मा पढून तसाच रोह्याला ये. इथं जनू म्हणून माझा दोस्त हाय, त्याच्याकडं तुझं माप देऊ... फाटलेली नाय रे, धड शिवतो तो. येते त्याला एकच, पण चांगली येते... हां... नाय, एकटा नको येऊस. अम्मीला घेऊन ये.