दहा पावलांना दोन माणसं

दवाखान्यातल्या टीव्हीवर पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या खासदाराचा शपथविधी चालला होता. समोरच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं म्हाताऱ्या हिल्डाच्या कानावर पडत होतं.

“त्याच्या दोन्ही बाजूंना ते दोघे कशाला गं, डॉरीन?”

“तशी रीतच आहे. नवा माणूस सभागृहात एकटा जात नाही.”

“माझ्या दारी एकटाच आला होता. चहा ढोसला आणि म्हणाला, हॉस्पिटलची बस परत सुरू करतो.”

“मागचाही तेच म्हणाला होता.”

“आता काय म्हणतोय?”

“राजाशी एकनिष्ठ राहीन.”

“आणि बस?”

“शपथेत बस नसते, मेव्हिस.”

“याला दहा पावलांना दोन माणसं लागतात. आमचा सिरिल डायलिसिस करून दोन मैल एकटा चालत येतो.”

“कुठल्या वारी?” हिल्डाने पर्समधली गाडीची किल्ली चाचपत विचारलं.