अनसूयाबाईंची पेटी

मंडळी, ऐका. कणगी भरलेली असताना कुणालाही पायलीभर देता येतं. पण जवळ मोजकंच उरलंय, त्यावर आपलाच जीव टांगलेला आहे – आणि शेजारी उभा राहिला, तर? आणि शेजारीही असा, की ज्याच्याशी सात वर्षं बोलणं नाही?

आता याचं उत्तर मी कशाला देऊ? ते दिलं अनसूयाबाई धामणस्करांनी. कोकणात डोंगराच्या पोटाशी मोरवणेवाडी म्हणून वस्ती आहे, तिथल्या त्या. बाई एकटी. लेक चिपळूणला. बाईंचा जीव कशात? तर कोंबड्यांत. सासूच्या काळापासून जपलेली काळीभोर गावठी कोंबडी. पण त्या वर्षी मर आली, आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं. मागे राहिली फक्त साठ अंडी, आजाराच्या आधी उबवणीच्या मशीनमध्ये ठेवलेली.

– हसताय? बुवा कीर्तनात अंडी घेऊन आले म्हणून? अहो, खायची नाही म्हणत, उबवायची म्हणतोय. त्या साठ अंड्यांत एक अख्खं कूळ झोपलं होतं.

एकोणिसावा दिवस. एकविसाव्याला पिल्लं फुटायची. आणि सोमवारी दुपारी वादळ आलं. विजेचे खांब काडीसारखे आडवे, फणस-आंबे रस्त्यावर. वीज गेली. पण लेकीनं बाईंना एक पेटी आणून दिली होती. ही आमच्या गणपतबुवांच्या हाताखाली वाजतेय ती पेटी नव्हे हो. बॅटरीची पेटी! कडेवर घ्यावी एवढी. आत वीज साठवलेली, वर कडी, पुढे आकडा दिसतो – किती टक्के उरली. उन्हात घडीची सोलर पाटी उघडली की पुन्हा भरते. बाईंनी मशीनची वायर त्या पेटीत खोचली, आणि आतला बारीक दिवा पुन्हा लागला. बाई हात जोडून बघत राहिल्या. वाडीभर अंधार, आणि साठ जिवांची ऊब त्या एवढ्याशा डब्यात.

मंगळवारी सकाळी आकडा – छत्तीस. आभाळ गच्च, पाटीला ऊन नाही. उद्यापर्यंत पुरवायची म्हणजे काटकसर. बाईंनी फोनसुद्धा चार्ज केला नाही.

तेवढ्यात कुंपणापाशी शेवंता दिसली. शेवंता जोशिलकर, शेजारीण. विहिरीच्या वाटेवरून भांडण झालेलं, तेव्हापासून एकमेकींच्या उंबऱ्याला पाय नाही. शेवंता नुसती उभी. मागायला तोंड उघडेना.

बाईंनीच विचारलं, "काय गं?"

"नानांना धाप लागलीय," शेवंता म्हणाली. "वाफेचं यंत्र आहे, औषध आहे, पण वीज नाही. रस्ता बंद. बसवतसुद्धा नाही त्यांना."

नाना म्हणजे शेवंताचे सासरे. त्यांना इकडे आणता येत नाही. विसाव्या दिवशी अंडीही हलवायची नसतात. म्हणजे पेटीच जायला हवी. आणि धाप पुन्हा लागली तर? पेटी तिथेच राहायला हवी.

मंडळी, बाईंच्या मनात काय आलं असेल? मी सांगतो, कारण त्यांनीच मला सांगितलं. "बुवा, मी आधी मशीनकडे बघितलं. लाज वाटते, पण आधी तिकडेच बघितलं."

मग बाईंनी वायर काढली. दोन गोधड्या मशीनवर घातल्या, हवेला फट ठेवली. पुटपुटल्या, "अंड्यांवर बसलेली कोंबडीसुद्धा दाणे टिपायला उठतेच की." आणि पेटी कडेवर घेऊन पडलेल्या फणसावरून निघाल्या.

नानांचे ओठ निळसर पडले होते. यंत्र घुरघुरलं, वाफ निघाली. बाईंनी मास्क धरून ठेवला. पहिलं औषध संपलं, तेव्हा नाना डोळे उघडून म्हणाले, "अनसूये, तू?"

"मीच. बोलू नका."

शेवंताचं लक्ष पेटीकडे गेलं. "आणि तुझी अंडी?"

"राहतील."

शेवंता उठली. चुलीवरचं आधण उतरवलं, पाणी बाटल्यांत भरलं, बाटल्या फडक्यात गुंडाळल्या आणि टोपलीत घालून निघून गेली. कुठे? सात वर्षं न ओलांडलेल्या उंबऱ्याकडे. ही तिच्या सासऱ्यापाशी, ती हिच्या अंड्यांपाशी! मशीनच्या चहूबाजूंनी बाटल्या लावायच्या, गार झाल्या की हिच्याच चुलीवर पाणी तापवून बदलायच्या. दुपारपर्यंत.

दोन वाजता करवतवाल्यांनी रस्ता मोकळा केला. नाना जीपमध्ये बसून दवाखान्यात गेले – स्वतः श्वास घेत.

बाई घरी आल्या. शेवंता मशीनला कान लावून बसली होती. तिनं बोटानं खुणावलं – गप्प. आणि बाईंना ऐकू आलं. टक. टक. कवचाच्या आतून.

गोधडी सारली. एका अंड्याला चीर, त्यातून चोचीचं टोक. दोघी गुडघ्यांवर बसल्या. कुणी शिकवलं हो त्या जिवाला आतून भिंत फोडायला? बाहेर जग आहे, हे त्याला कुणी सांगितलं? काळं, ओलं, चिमूटभर पिल्लू बाहेर पडलं आणि दमून आडवं झालं. शेवंताचा हात बाईंच्या खांद्यावर होता, कधीपासून ते दोघींनाही कळलं नाही.

साठातली बेचाळीस फुटली. अठरा नाही फुटली. ती बाईंनी परसात पुरली, आणि त्यांच्यासाठी रडल्याही. त्यांची विहिरीची वाट अजून वादातच आहे, बरं का. पण आता भांडतात ते एकमेकींच्या ओटीवर बसून.

पशुवैद्य मला म्हणाले, "बुवा, शेवटच्या दिवसांत अंड्यातला जीव स्वतःची ऊब स्वतः तयार करू लागतो. थोडी बाहेरची सोबत लागते." मी तर ऐकून उभाच राहिलो. भगवंतानं एवढ्याशा कवचात केवढं ठेवलंय!

तेव्हा मंडळी, आता प्रसाद घेऊन घरी जाल. जाताना वाटेत एक दार लागेल – प्रत्येकाला आपलं आपलं ठाऊक आहे कुठलं. तुम्ही तोंड फिरवून पुढे जाता ते. आज तिथे थांबा. काही मागू नका, काही देऊ नका. नुसतं विचारा, "काय गं, बरी आहेस ना?" देवाचं नाव त्यातच आलं.