व्यंकटच्या तीन फायली

मंडळी, नमस्कार. तुम्ही सगळे व्यंकटचे अहमदपूरवाले. मी एकटाच नांदेडचा. तुमच्यातले बरेच जण मला ओळखत न्हाईत. मी फ्लेक्स छापतो. व्यंकट इथं स्टँडसमोरच्या दुकानात डिझाईन करायचा अन् मी तिकडं मशीनवर छापायचो. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली, तुमच्या चौकातले बोर्ड आमच्या दोघांच्या हातचे. बोलायला उभा राहिलो खरा, पण भाषणाची सवय न्हाई. सांभाळून घ्या.

आमची दोस्ती फोनवरची. भेट व्हायची ती एखाद्या लग्नात, तेवढीच. पण रोजचं बोलणं कधी चुकलं न्हाई. अन् बोलणं तरी काय? त्यानं फाईल पाठवायची, लगेच फोन करायचा. "उघडली का?" मी म्हणायचो, "उघडली." झालं. ठेवला फोन.

सुरुवातीला न्हाई उघडायची. त्याचं सॉफ्टवेअर नवं, माझं जुनं. नव्यात केलेलं जुन्यात उघडत न्हाई. कधी उघडलीच, तर त्याच्याकडचा फॉन्ट माझ्याकडं नसायचा. नवरीच्या नावाच्या जागी नुसते चौकोन! मी फोनवर बोंबलायचो, "अरे बाबा, हे काय पाठवलंस?" तो शांत. "थांब शेठ, चिडू नको. परत पाठवतो." मी कसला शेठ! पण म्हणायचा.

मग त्यानं पद्धतच पाडली. प्रत्येक कामाच्या तीन फायली. एक डिझाईनची, पण जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली, अक्षरांचे कर्व्ह करून. म्हणजे अक्षराचं चित्रच होतं, मग फॉन्ट असो नसो, बिघडत न्हाई. दुसरी पीडीएफ. पहिलीनं दगा दिला तर ही कुठंबी उघडती. अन् तिसरी छोटी जेपीजी. मी म्हणलो, "एवढीशी जेपीजी मोठी केली की फुटती. छापायला काय कामाची?" तर म्हणला, "छापायला न्हाई रे, बघायला हाय. तुझ्याकडं बी तसंच दिसून राहिलं का, जुळवून बघ."

मंडळी, दुसऱ्याचा एवढा विचार कोण करतं? आपण केलेलं समोरच्याच्या मशीनवर कसं दिसंल, हे कोण बघत बसतं? नवं सॉफ्टवेअर घे म्हणून त्यानं मला कधी टोचलं न्हाई. माझ्यासाठी रोज तो जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करत राहिला.

परवा या शोकसभेच्या बोर्डाची फाईल आली. व्यंकटच्याच बोर्डाची. त्याच्या एका मित्रानं नव्या लॅपटॉपवर केलेली. चांगल्या मनानं केली, त्यांना काय बोल लावायचा न्हाई. पण एकच फाईल, अन् ती उघडंना. सवयीनं मी फोन लावला. कुणाला लावला? व्यंकटला! रिंग जाऊन राहिली तवा ध्यानात आलं. तोवर वहिनींनी उचलला. "बोला भावजी." काय बोलू? म्हणलो, "वहिनी, फाईल उघडंना." त्या म्हणल्या, "आता कुणाला सांगावं, भावजी?" अन् आम्ही दोघं बी रडलो.

मित्रानं पीडीएफ करून पाठवली. ती उघडली. नाव, फोटो, सगळं जागच्या जागी. हा मागं बोर्ड लावलाय तोच. पण उघडल्यावर मी फोनकडं बघत बसलो. कुणी विचारलंच न्हाई. मशीन चालू, गिऱ्हाईक दारात उभं, अन् मला लई एकटं वाटलं. अजून वाटतं. कुठलीबी फाईल उघडली की वाटतं.

बोर्डावरचा व्यंकट हसून राहिलाय. असाच हसायचा का तो? तुम्ही रोज बघायचात, तुम्हाला ठाऊक. मी रोज ऐकला तो नुसता आवाज. जुळवून बघायला माझ्याकडं तिसरी फाईल न्हाई.

आता दोन मिनिटं गप उभं राहू. आपापले फोन बंद करा. मी बी करतो. त्याआधी एक उत्तर द्यायचं राहिलंय, तेवढं देतो.

व्यंकट, उघडली रे. ठेव आता फोन.