गुलाबाचं फळ

तुमच्यापैकी कुणी गुलाबाला फळ धरलेलं पाहिलंय का? मी मार्केट यार्डात जन्मभर फुलं विकली, पण मी तरी पाहिलं नाही.

झालं असं, पुऱ्या तळताना तेल उडालं आणि आमच्या हिचा गाल भाजला. बरा झाला, पण डाग राहिला. असल्या तोंडाने पुतणीच्या साखरपुड्याला येणार नाही, म्हणाली. डागावर गुलाबाचं तेल लावतात असं सुनेने सांगितलं, म्हणून मी कोथरूडच्या दुकानातून बाटली आणली. घरी उघडली, तर गुलाबाचा वासच नाही. तसाच बसने परत गेलो.

दुकानातल्या मुलीला म्हणालो, "ताई, यात गुलाब नाही."

"आजोबा, हे फुलाचं नाही, फळातल्या बियांचं आहे."

"गुलाबाला कुठलं आलंय फळ?"

"फूल झाडावर राहू दिलं तर येतं. तुम्ही राहू देता का?"

मी बाटली पुन्हा पिशवीत टाकली. घरी येऊन हिला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"गुलाबाला फळ म्हणे. अहो, फसवलं तुम्हाला."

मलाही तसंच वाटत होतं. "मग देऊ टाकून?"

"टाकता कशाला? लावा." तिने गाल पुढे केला.

मी पुरता गोंधळलो. "अगं, खोटं आहे म्हणतेस ना?"

"तेल खोटं असेल. या उन्हात दोनदा कोथरूडला गेलात, ते तर खरं आहे. लावा, आणि साखरपुड्याला कुठलं लुगडं नेसू ते सांगा."