माझ्याच हातची भाकरी

मी मूळची कराडकडची. नवरा लवकर गेला, मग धाकट्या बहिणीला, सुमीला, संगं घेऊन कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ काढली, आन काय सांगू तुमाला, ती खानावळच माझं घर झाली, पोरं ताटावर बसून दंगा करायची, मावशी आज कालवन झ्याक झालंय म्हनायची, आन माझा एकुलता महेश त्याच पंगतीत जेवून मोठा झाला, इंजिनेर झाला, बंगळूरला आला.

हितं सर्जापूर रोडला त्याचं घर हाय, पार वरच्या मजल्यावर. दोघं नवरा-बायको कामाची, जेवन बाहेरनं यायचं, रोज, पिशव्यांतनं. मागल्या वर्षी महेशला चक्कर आली, साखर वाढलीया म्हनाले, डॉक्टर म्हनला घरचं खा. झालं. मला फोन, आई, दोन महिने ये. मी म्हनलं, सुमे, जरा जाऊन येते, खानावळ सांभाळ.

आले ती जुंपलेच. ज्वारी, नाचनी, पालेभाजी, मोडाची उसळ, तेल चमच्यानं. पोराची साखर उतरली, तोंडावर तेज आलं. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पन दोन महिन्यांचं वरीस झालं, आन जाते म्हनलं की महेश म्हनतो, तू गेलीस की मी परत आजारी पडनार. म्हंजे मी चांगलं रांधलं म्हनून अडकले बघा. वंगाळ रांधलं असतं तर त्यानं कवाच गाडीत बसवून दिलं असतं.

बाहेर पडावं तर बोली कळत न्हाई. भाजीवाल्याला स्वल्प कोथिंबीर, म्हंजे थोडी, म्हनायला शिकले, तेवढंच. दिसभर गॅलरीत हुबं ऱ्हायचं आन खालच्या गाड्या बघायच्या, जीव गुदमरतो. त्यात सुमीचा फोन, आक्का, कॉलेज उघडतंय, येतीस का दुसरी बाई बघू?

सून बिचारी गुनाची, तिनंच मंजुळाला आनलं सैपाकाला. रायचूरकडची बाई. तिच्याकडं भाकरीला रोट्टी म्हनत्यात, पन अशी पातळ थापती, असा पदर सुटतो, की मीच बघत ऱ्हायले. तिला माझी उसळ दाखवली, आमटी दाखवली, ती सरी अम्मा, म्हंजे बरं आई, म्हनायची आन तश्शीच करायची. म्हनलं, सुटले बाई आता. तर महेशनं दोन घास खाल्ले आन ताट सारलं, आई, तुझ्या हातची सर न्हाई.

दुसऱ्या दिवशी मंजुळा आली न्हाई, तिची लेक आजारी होती. सगळा सैपाक मीच केला, भाकरी, मेथी, मटकी. वाढताना मुद्दाम म्हनलं, मंजुळानं केलंय, खा. महेशनं भाकरी मोडली, चावली, तोंड वाकडं केलं. न्हाई गं आई, तुझी चवच येगळी, तू जाऊ नगंस.

मी त्याच्या ताटात आनखी एक भाकरी वाढली. मंजुळा कितीबी शिकली तरी माझी सुटका न्हाई, हे तवा कळलं मला. राग आला, खरंच आला. सांगितलं न्हाई त्याला, अजूनबी न्हाई.

परवा सुमीनं दुसरी बाई ठेवली. मी इचारलं, पोरं जेवत्यात का गं? ती म्हनली, आवडीनं जेवत्यात, आक्का, तू काळजी करू नगंस.

असू दे. माझ्या महेशला औक्ष मिळू दे, त्याची साखर अशीच ऱ्हाऊ दे. उठते आता, पीठ मळायचं हाय, पोरगं यायची येळ झाली.