क्रियापदावर अंगठा

जमलेल्या मायबापहो, वाघमारे काकू,

मले माइकवर बोलता येत नाई. गिऱ्हाइकाशी भांडाले सांगा, दिवसभर भांडीन. पन सर गेले, हे तोंडातून निघतच नाई.

वाघमारे सरांनी तेलंगणातल्या या मुधोळच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, हे तुमाले सांगायची गरज नाई. रिटायर झाल्यावर रोज सकाळी ते माह्या किराणा दुकानाच्या ओट्यावर बसत. संगं तीन पेपर. नांदेडहून येनारा भगव्या विचाराचा मराठी, लाल बावट्याचा तेलुगू, अन् एक उर्दू. निजामाच्या काळात शिकलेला मानूस, उर्दू पान्यासारखी वाचे. पोरं चिडवत, "सर, दुश्मनाचा पेपर काऊन वाचता?" सर चष्म्यावरून पाहत. म्हनत, "अरे बाबा, हा हैदराबादहून आलाय. तुझ्या मामाच्या गावाहून." अन् सारा ओटा हसे.

मले मात्र हसू येत नव्हतं. तुमाले ठाऊक हाय, माहा पोरगा संतोष फौजेत हाय. आज बी सीमेवरच हाय. दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर, अन् तिकडं अणुबाँब. कोनी म्हने, "कायी होत नाई, काकी." कोनी म्हने, "एकदाचं होऊनच जाऊ द्या." होऊन जाऊ द्या? कोनाच्या पोराचं होऊन जाऊ द्या?

एक दिवस तिकडचा मंत्री बाँबबद्दल बोलला. मराठी पेपरात होतं, "धमकावलं." उर्दूत, "खबरदार किया", म्हंजे सावध केलं. तेलुगूत नुसतं "अन्नारु", म्हंजे म्हनाले. माहा जीव उडाला. मी विचारलं, "सर, यातलं खरं काय समजू?"

सर म्हनाले, "बाई, बोलणं एकच आहे, क्रियापदं तीन आहेत. क्रियापदावर अंगठा ठेवा आणि मग वाचा."

मी ठेवला अंगठा. बाकी उरलं ते असं, "गरज पडली तर आम्ही बाँब वापरू."

मी तिथंच रडले. म्हटलं, "सर, भेव कमी नाई झालं, वाढलं." दुसरा कोनी असता तर पाठीवर हात ठेवून खोटं बोलला असता. सर खोटं बोलले नाईत. म्हनाले, "भीती खरीच आहे, बाई. फक्त ती कोणाच्या दुकानातून विकत घेऊ नका." मी सोता दुकानदारीन. मले हे लगेच कळलं.

सर, तुमी गेले, पन पेपर येनं थांबलं नाई. आज सकाळी ओट्यावर बसनाऱ्या सलीमभाईनं उर्दू वाचला, राजन्नानं तेलुगू, मराठी मी. आपली फौज आनखी पुढं सरकली म्हनतात. सरकली. तिन्ही पेपरांत तेच, अर्थात तिळभर फरक नाई. आता अंगठा कुठं ठेवू, सर? कोनाले विचारू?

मायबापहो, लई बोलले. आता सारे उभे राहू, सरांसाठी दोन मिनिटं गप राहू. समोरच्या माह्या दुकानाचं दार मी उघडंच ठेवलं हाय. संतोषचा फोन बरेच दिवस आला नाई. मधीच दुकानातल्या फोनची घंटी वाजली, तर मी पळत जाईन. काकू, मले माफ करा.